शाळेला पाठवलेली तपासणीची नोटीस

...आणि खाली ठळक अक्षरात काय लिहिलंय, तर ‘पालकांनी घाबरून जाऊ नये’! अहो, घाबरू नका असं लिहिल्यावर माणूस दुसरं काय करणार? तुम्हाला सांगतो, मंगळवार होता, अगदी साधा मंगळवार. कपडे वाळत घातलेले, दूध उतू जाऊन पुसून झालेलं, आणि मी पलंगावर बसून मुलीच्या शाळेच्या स्वेटरवर तिच्या नावाची पट्टी शिवतोय. एक नाही, चार स्वेटर! दोन मापं मोठे घेतलेले, कारण दुकानदार म्हणाला, “वाढतं अंग आहे साहेब, तीन वर्षं बघायला नको.” चौथ्या स्वेटरचा शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला, तोंडातला धागा काढतोय तोवर फोन वाजला. शाळेचा ईमेल. शाळेची इमारत विकली गेली आहे, हे सत्र संपलं की शाळा कायमची बंद, आणि पालकांनी घाबरून जाऊ नये. म्हणजे बघा, तीन वर्षं टिकणारा स्वेटर, आणि शाळा टिकणार पाच आठवडे!

आता ही असती तर तिनं तासाभरात चार फोन केले असते, दोन शाळा धुंडाळल्या असत्या आणि संध्याकाळी मला सांगितलं असतं, “ठरलंय, तू फक्त सही कर.” ही म्हणजे माझी बायको. ही गेली त्याला दीड वर्ष झालं. असो. सांगायचा मुद्दा, सही करण्यापलीकडचा अनुभव मला नाही. मी व्हॉल्व्ह तपासणारा माणूस!

तर आमचं राहणं कुठे, तर दोन शहरांच्या मधल्या गावात. गाव कसलं, एक कारखाना आणि त्याच्याभोवती आठ मजली इमारती, त्यात सगळे आमच्यासारखे, परमुलखातून पोटासाठी आलेले. इथली सरकारी शाळा आहे, पण ती इथल्या भाषेत, आणि आमच्या पोरांना ती भाषा येते आइस्क्रीम मागण्यापुरती. म्हणजे इंटरनॅशनल शाळाच हवी. त्या किती, तर दोन. एक पूर्वेच्या शहरात, पन्नास मिनिटं. एक पश्चिमेच्या शहरात, पन्नास मिनिटं. अहो, एक चाळीस असती, एक साठ असती, तर प्रश्न तिथेच मिटला असता! पण नाही, मोजून पन्नास आणि पन्नास. मी दोन्हीकडे घड्याळ लावून जाऊन आलो. फरक पडला तो एका सिग्नलचा.

कंपनीतल्या एचआरच्या बाईंकडे गेलो. ह्या बाई वाईट बातमी हसून सांगतात, तसं शिकवतात म्हणे त्यांना. हसून म्हणाल्या, “सर, मुलीचा राहण्याचा परवाना तीस तारखेला संपतोय. नवा काढायचा तर नव्या शाळेच्या प्रवेशाचा दाखला लागेल.” म्हटलं, “आणि नसला तर?” त्या आणखी गोड हसल्या. “नसला तर मुलीला मायदेशी परतावं लागेल, सर. तुम्ही राहू शकता.” तुम्ही राहू शकता! जसं काही बक्षीसच दिलंय.

हे ताईच्या कानावर गेलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिकडे घरी असते. ताईला व्हिडिओ कॉल लावला की ताई दिसत नाही, ताईचं कपाळ दिसतं. आठ वर्षं मी कपाळाशीच बोलतोय. कपाळाला आठ्या पडल्या. कपाळ म्हणालं, “तुला शाळेतलं काय कळतं रे? स्वतः गणितात काठावर पास झालास. पोरीला इकडे पाठव. मी आहे, घरात चार माणसं आहेत. दहा वर्षांची पोर, तिच्याजवळ बाईमाणूस नको का कुणी? तिकीट काढ.” म्हटलं, “ताई, ती माझ्याजवळ राहील.” कपाळ म्हणालं, “तुझ्याजवळ? तुझ्याजवळ आहे काय?” मागे दाराशी मुलगी उभी. फोन बंद झाल्यावर म्हणाली, “बाबा, मी आत्याकडे जाणार नाही. आत्या वेणी इतकी आवळून घालते की डोळे मिटताच येत नाहीत.” मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, “खरंच सांगते, मला पाठवू नकोस.”

तर तुम्ही लक्षात घ्या, शाळा निवडायची म्हणजे शाळा नव्हे हो! तीस तारखेपर्यंत दाखला, नाहीतर पोर विमानात. इतकं सरळ होतं ते. आणि मी व्हॉल्व्ह तपासणारा माणूस!

बरं, लोकांना विचारावं म्हटलं, तर तोवर आमच्या इमारतीत युद्ध पेटलेलं. पूर्ववाले आणि पश्चिमवाले! आठवड्यापूर्वी जी माणसं एकमेकांच्या घरून साखर नेत होती, ती आता लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी. पश्चिमेच्या सेनापती आमच्या सातव्या मजल्यावरच्या वहिनी. वाईट नाहीत हं, ही गेल्यानंतर महिनाभर डबा दिलाय त्यांनी दोन वेळचा, पण मत झालं की झालं. मला जिन्यात गाठलं. “भाऊजी, डोळे झाकून पश्चिमेला घाला. तिथे घोडा आहे.” म्हटलं, “घोडा?” “घोडा! खराखुरा! मुलांचा आत्मविश्वास वाढतो घोड्यानं.” आता नऊशे मुलं आणि एक घोडा. आत्मविश्वास मुलांचा वाढणार, घोड्याचं काय? दोन पायऱ्या उतरलो नाही तोच चौथ्या मजल्यावरचे रंगवाले, म्हणजे आमच्याच कारखान्यात रंगाच्या विभागात आहेत, ते पूर्वेचे सेनापती, त्यांनी दार उघडलं. कान लावूनच बसले असणार! “घोडा काय चाटायचाय? पूर्वेला शांततेची खोली आहे. मूल चिडलं की तिथे बसवतात.” म्हटलं, “मुलांना की पालकांना?” त्यांनी दार लावून घेतलं.

तेव्हा ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघायचं. पण जायचं तर आधी पत्र नको का लिहायला? आणि इथेच घोळ झाला. तुम्हाला सांगतो, घरची सगळी पत्रं ही लिहायची. गोड, मुद्देसूद, शेवटी ‘आपली विश्वासू’. माझ्याकडे बावीस वर्षांत एकच पत्र आहे. एकच! आम्हाला व्हॉल्व्ह पुरवणारे कारखाने असतात, तिथे जाऊन मी त्यांचं काम तपासतो, आणि जायच्या आधी त्यांना एक नोटीस पाठवतो. मी तीच उघडली, तारीख बदलली, ‘व्हॉल्व्ह’ खोडून ‘विद्यार्थी’ घातलं आणि दोन्ही शाळांना दिली धाडून. कंपनीच्या ईमेलवरून. खाली सही: वरिष्ठ तपासनीस, दर्जा विभाग. ‘कळवण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार व त्यांचे एक सहकारी आपल्या जागेची प्रत्यक्ष तपासणी करतील. मागील तीन वर्षांची कागदपत्रे तयार ठेवावीत. कामकाज नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. जबाबदार व्यक्तीने जागेवर हजर राहावे.’ सहकारी म्हणजे कोण? मुलगीच की! तिची शाळा, तिला नको का दाखवायला?

हसू नका. मला पत्रात काहीही वावगं वाटलं नव्हतं. मला काय ठाऊक की दोन्ही शाळा त्याच महिन्यात मान्यतेच्या तपासणीची वाट बघत देव पाण्यात घालून बसल्यात!

पश्चिमेच्या शाळेत गेलो. फाटकापासून गालिचा. रांगेत उभी मुलं, हातात कागदी फुलं, कुठूनतरी संगीत. आणि एक तरणाबांड माणूस दोन्ही हात पसरून धावत आला. “मी इथला मुख्य सहप्रवासी!” म्हटलं, “मला प्रिन्सिपॉलांना भेटायचंय.” तर तोच प्रिन्सिपॉल! त्या शाळेत शिक्षक नाहीत, सहप्रवासी आहेत. विद्यार्थी नाहीत, शोधक आहेत. परीक्षा नाही, उत्सव आहे. नापास झालेल्याला काय म्हणतात विचारलं, तर त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. “सर, तुमचं पत्र मी सगळ्या सहप्रवाशांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य! आम्ही स्तब्ध झालो सर!” मला कळेना कुठलं वाक्य. त्यानं प्रत काढली. शेवटच्या ओळीत ‘व्हॉल्व्ह’ खोडायचा राहिलेला! ‘नाकारलेल्या व्हॉल्व्हचे पुढे काय करता, याची नोंद दाखवावी.’ डोळे पुसत म्हणाला, “मूल म्हणजे व्हॉल्व्ह! काय कल्पना आहे! सर, आम्ही एकही व्हॉल्व्ह नाकारत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या वेळी उघडतो.” म्हटलं, “अहो, आपापल्या वेळी उघडला तर कारखाना उडेल!” ते वाक्यही त्यानं लिहून घेतलं.

मग फिरवलं. आग विझवायचं लाल नळकांडं चकाचक, मी सवयीनं हात लावला, तर रंग ओला, पंजा लाल. वर्गात गेलो की पोरं एकसुरात, “आम्ही आनंदी आहोत!” एका पोराला विचारलं, “रोज असंच असतं का?” ते म्हणालं, “नाही, रोज गणित असतं.” आणि मग घोडा. बिचारा! पांढरा, पोक्त, डोळ्यांत अगदी निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कचे भाव. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण बावीस वर्षांची खोड. समोर यंत्र असो, माणूस असो, घोडा असो, तोंडातून पहिलं वाक्य तेच येतं, “ह्याच्या देखभालीची नोंदवही?” वही आली. घोड्याच्या लसीची मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली! मुलांच्या शिरस्त्राणांची मापं तीन, पैकी दोन गायब! माझ्या सहकारिणीनं तेवढ्यात मुलींचं स्वच्छतागृह तपासलं, कारण मला तिथे जाता येत नाही. परत येऊन सगळ्यांसमोर खड्या आवाजात, “आतून कडी नाही, दोन ठिकाणी. आणि साबणाऐवजी मेणबत्ती ठेवलीय, वासाची.” मुख्य सहप्रवासी पांढरा पडला. घोड्यापेक्षा पांढरा!

दुसऱ्या दिवशी पूर्वेला. तिथे गालिचा नाही, फुलं नाहीत, रखवालदारसुद्धा जेवायला गेलेला. प्रिन्सिपॉल बाई एवढ्याशा, साठीच्या, गळ्याला लोकरी मफलर, नाकाला रुमाल, सर्दीनं बेजार. “बसा. नोटीस वाचली. कागद टेबलावर आहेत. चहा घ्याल?” एवढंच. मग चष्म्यावरून माझ्या सहकारिणीकडे बघितलं. “आपण काय तपासणार?” कन्या म्हणाली, “मुलींचं स्वच्छतागृह.” “किती वेळ लागेल?” “दहा मिनिटं.” “डावीकडे वळा. तिसरा नळ गळतो, मी आधीच सांगून ठेवते.” बावीस वर्षांत मला एकाही कारखानदारानं आपणहून सांगितलं नव्हतं की आमचा नळ गळतो. शांततेची खोलीही पाहिली. ती जेवणघराला चिकटून, आत ताटांचा असा खणखणाट की चिडलेलं मूल आणखी चिडावं. बाई म्हणाल्या, “हो, ते चुकलंच आमचं.”

घरी आलो, आणि आता खरी चूक ऐका. अहो, मी अहवाल लिहिले! कुणी मागितले होते? कुणी नाही. पण तपासणी केली की अहवाल लिहायचा, हे माझ्या हाडात भिनलंय. आमच्याकडे ठरल्याप्रमाणे नसलेल्या गोष्टीला एनसी म्हणतात. एनसी काढायची, तिला क्रमांक द्यायचा, सुधारणेची मुदत द्यायची, आणि समोरच्यानं सुधारलं की ती बंद करायची. पश्चिमेला अकरा एनसी, त्यात घोड्यावर दोन. पूर्वेला सात. रविवारी दुपारी मुलगी शेजारी बसून स्पेलिंगं तपासत होती, आणि मी म्हणत होतो, “वा! असं काम हवं!” आणि खाली आपलं सहज एक ओळ: ‘माझ्या मुलीच्या प्रवेशाबाबतही कळवावे.’ पाठवून दिले.

पश्चिमेचं उत्तर एका तासात! मुख्य सहप्रवाशाचा फोन, आवाज कुजबुजता. “सर, अहवाल मिळाला. घोडा आम्ही तत्काळ हलवला.” म्हटलं, “हलवला? अहो, लस द्यायची होती!” “नाही सर, धोका नको. खेड्यावर पाठवला. आणि सर, ती शेवटची ओळ... आम्ही ओळखलं. ती परीक्षा होती ना? तपासनिसाच्या मुलीला प्रवेश देतो का, हे बघत होता ना? आम्ही देणार नाही सर! कदापि नाही! तत्त्व म्हणजे तत्त्व!” मी गयावया केली, “अहो, मी तपासनीस नाही, म्हणजे आहे, पण व्हॉल्व्हचा! मी व्हॉल्व्ह तपासणारा माणूस!” तो पलीकडून हळूच हसला. “कळलं सर. व्हॉल्व्ह. आमच्या तोंडून एक शब्द बाहेर जाणार नाही.” जितकं नाही म्हणावं तितका त्याचा विश्वास वाढतोय! शेवटी मी ओरडलो, “मला शाळा हवीय हो!” तो म्हणाला, “आम्हा सर्वांनाच हवी आहे, सर,” आणि फोन ठेवला.

आणि घोडा गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत इमारतीत! सातव्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी आठवडाभर घोड्यासाठी नवे बूट घालून घरात फिरत होती म्हणे. वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. सात मजले, एक शब्द नाही. दार उघडल्यावर फक्त एवढंच, “भाऊजी, त्या मुक्या जनावरानं तुमचं काय घोडं मारलं होतं?” आणि गेल्या. पूर्ववाल्यांनी मात्र मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. रंगवाले दार उघडून म्हणाले, “शाबास! एका कागदात घोडा उडवलात!” त्यांना अजून माहीत नव्हतं की शांततेच्या खोलीवरही एनसी काढलीय. कळल्यावर तेही बोलेनासे झाले. म्हणजे आठ मजल्यांत मला आता बोलायला कोण, तर लिफ्ट!

तारीख किती? चोवीस. ताईचं कपाळ रोज फोनवर, “तिकिटाचं बघितलंस?” मुलगी रोज शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी माझ्याकडे बघायची. विचारायची काही नाही. नुसती बघायची, आणि मी म्हणायचो, “हात धू.”

पंचविसाला पूर्वेचं पाकीट. तुम्हाला सांगतो, माझ्याच अहवालाच्या नमुन्यात, रकान्याला रकाना लावून उत्तर! एनसी क्रमांक एक, सुधारणा केली, फोटो जोडला आहे. दोन, केली. शांततेची खोली जिन्यापलीकडे हलवली. गळका नळ बदलला, पावती जोडली आहे, ‘आपल्या सहकारी तपासनीस यांनी येऊन खात्री करावी’. सातच्या सात बंद! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. इतका नेटका जबाब मला धंद्यात कुणी दिला नाही. आणि खाली बाईंच्या हाताच्या चार ओळी. ‘आपण मान्यतेचे तपासनीस नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. ते लोक नळ बघत नाहीत. मुलीला प्रवेश देत आहोत. मात्र तपासणी दोन्ही बाजूंनी व्हावी, हे आपल्यालाही पटेल. सोबत आमचा अहवाल.’

आमचा अहवाल! अहो, बावीस वर्षं मी जगाला तपासतोय, मला कुणी तपासलं नव्हतं. उघडला. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म मी अहवालासोबत भरून दिलेला, तो बाईंनी तपासलेला. एनसी फक्त एक. क्रमांक एक, प्रकार गंभीर. ‘तातडीच्या वेळी वडील फोनवर न मिळाल्यास ज्यांना कळवायचे, त्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव कोरे आहे. वडील कारखान्यात असताना त्यांचा फोन बाहेर जमा असतो, असे मुलीकडून समजते. व्यक्ती प्रौढ, मुलीच्या ओळखीची आणि अर्ध्या तासात पोचणारी असावी. हे पूर्ण झाल्यावर दाखला देण्यात येईल. मुदत, शुक्रवार दुपारी बारा.’

आता यावर मी काय वाद घालणार? एनसी बरोबर आहे. मीही हीच काढली असती.

मुलगी म्हणाली, “बाबा, त्यात काय, सातव्या मजल्यावरच्या काकूंचं लिही ना. मला आवडतात त्या.” म्हटलं, “त्या बोलत नाहीत माझ्याशी.” “मग रंगवाल्या काकांचं.” “तेही नाही.” “मग घोड्याचं लिही,” म्हणाली, आणि स्वतःच खो खो हसत सुटली. पहिल्यांदा हसली ती त्या मंगळवारनंतर. मीही हसलो. मग ती म्हणाली, “जुन्या शाळेत दुसरं नाव कुणाचं होतं?”

कुणाचं असणार? हिचं. दीड वर्ष तसंच होतं. त्यांनी बदललं नाही, मीही कळवलं नाही. कुणी तपासलंच नाही ना!

तिला म्हटलं, “आईचं.” ती “हं” म्हणाली, पेन आणून माझ्यासमोर ठेवलं आणि झोपायला गेली. तसं काही अवघड नाही हो. सातव्या मजल्यावर जायचं, बेल वाजवायची, ‘वहिनी, चुकलं’ म्हणायचं. वहिनी घोड्यावरून चार शब्द सुनावतील आणि हो म्हणतील, मला ठाऊक आहे ते. दोनदा लिफ्टमध्ये शिरलोही, आणि दोन्ही वेळा खाली जाऊन दूध घेऊन आलो. फ्रीजमध्ये आता सहा पिशव्या दूध आहे. एका ओळीत एक नाव लिहायचं, बस. मी व्हॉल्व्ह तपासणारा माणूस, रोज पन्नास ठिकाणी सह्या करतो.

आज गुरुवार. नाव अजून लिहिलेलं नाही.